रानातल्या जिवांचा धनी कोण?



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या सहवासाचा लाभ मला घडला नाही. परंतु सोयाबीन काढणीला आले आहे, आभाळाचा भरवसा नाही, मजूर मिळत नाहीत, आणि तरीही बाहेरगावच्या एका माणसाचे बोलणे ऐकावयास एवढा समाज येथे येऊन बसला आहे, यावरून त्यांनी या वाटूर गावावर कोणता संस्कार केला असावा, याचा अदमास मला सहज करता येतो. चालकांनी मला विषय नेमून दिला तो ‘राज्यातील वन्यजीवांचे संरक्षण आणि लोकांचा सहभाग’ असा. विषयाचा थाट सरकारी परिपत्रकाचा आहे, आणि ऑक्टोबर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, म्हणजे वन्यजीव सप्ताहात, या विषयावर किती भाषणे होतात हे आपण सर्व जाणता. शाळेतील मुले वाघाचे चित्र काढतात, प्रभातफेरी निघते, प्रमुख पाहुणे तुकोबांच्या त्या सुप्रसिद्ध अभंगाचा पहिला चरण म्हणून दाखवितात (दुसरा चरण बहुधा कोणास येत नाही), आणि आठवे दिवशी हरणांचा कळप पुन्हा हरभऱ्यात शिरतो.

म्हणून मी आज वाघाविषयी थोडे आणि हरभऱ्याविषयी अधिक बोलणार आहे. आपण कोणी रागावू नये.

प्रथम सरकारच्या पदरात त्याचे श्रेय टाकू या, कारण सरकारने काहीच केले नाही असे म्हणत सुटण्याची जी एक सवय आपल्याला जडली आहे, ती सत्याला धरून नाही. राज्यसत्तेने मुक्या प्राण्यांची काळजी वाहावी ही कल्पना या भूमीत परकी नव्हे. अशोकाने आपल्या स्तंभलेखात पोपट, साळुंकी, वटवाघूळ, साळिंदर अशा अवध्य प्राण्यांची यादीच कोरून ठेविली. अगदी आपल्या काळाकडे यावयाचे, तर मुंबई राज्याने १९५१ साली वन्य प्राणी व पक्षी यांच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदा केला. तेव्हा आपला मराठवाडा हैदराबाद राज्यात होता आणि १९५६ च्या १ नोव्हेंबरला तो मुंबई राज्यात आला. ताडोबाचे राष्ट्रीय उद्यान १९५५ चे, राज्यातील पहिले. पुढे १९७२ च्या सप्टेंबरात केंद्राचा वन्यजीव संरक्षण कायदा झाला, १९७३ साली व्याघ्रप्रकल्प सुरू झाला आणि त्यात आरंभापासूनच आपले मेळघाट होते. आज राज्यात सहा व्याघ्रप्रकल्प आहेत. २००६ च्या गणनेत महाराष्ट्रात १०३ वाघ असल्याचा अंदाज निघाला होता, तो २०२२ च्या गणनेत ४४४ वर गेला. जगात इतरत्र, विशेषतः आग्नेय आशियात, वाघ कोणत्या गतीने नाहीसा झाला हे ज्याला ठाऊक आहे, तो या आकड्यास सामान्य म्हणणार नाही.

परंतु १९७२ हे साल आपल्या कानांना आणखी एका कारणाने परिचित आहे. ज्या वर्षी दिल्लीत हा कायदा संमत होत होता, त्याच वर्षी या मुलखात आपले वडील आणि आजे दुष्काळी कामावर खडी फोडीत होते. हे दोन प्रसंग एका वर्षात घडावेत हा केवळ योगायोग आहे, त्यातून मी कोणताही गर्भितार्थ काढू इच्छीत नाही. तथापि कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे जे रान होते त्यात खडी फोडणारा माणूस नव्हता, एवढे म्हणण्यास प्रत्यवाय नसावा. त्यांच्यापुढे होती संस्थानिकांची शिकार, दुसऱ्या महायुद्धानंतर गावोगाव पोहोचलेली जीपगाडी आणि तिच्या प्रखर झोतात थिजून उभे राहिलेले हरीण. तो अनाचार थांबविणे अवश्य होते आणि कायद्याने तो पुष्कळ अंशी थांबविला. मात्र त्याने मनाशी एक गोष्ट गृहीत धरली: वन्य प्राणी वनात राहतो, वन सरकारचे असते, तेव्हा सरकारने वनाभोवती रेषा आखली की प्राणी सुरक्षित झाला.

आता मला सांगा, आपल्या जालना जिल्ह्यात वन आहे तरी किती?

जिल्ह्याच्या क्षेत्रफळाच्या जेमतेम एक टक्का. राज्यातील सर्वांत उघड्या जिल्ह्यांपैकी आपला एक. परतूर, मंठा, घनसावंगी या पट्ट्यात तर मैलच्या मैल काळी जमीन आणि तीवर कापूस, तूर, सोयाबीन, मोसंबी. अभयारण्य पाहावयाचे तर मंठ्याच्या पलीकडे जिल्ह्याची शीव ओलांडून लोणारला जावे. तेही सरोवराभोवतीचे, चार चौरस किलोमीटरही न भरणारे. मग आपल्याकडे वन्यजीव नाहीत काय? येथे बसलेल्यांपैकी ज्याच्या शेतात या वर्षी हरीण शिरले नाही त्याने हात वर करावा. काळवीट आहे, रोही आहे, रानडुक्कर आहे, वानरांच्या टोळ्या आहेत, मोर आहे, ससा, खोकड, कोल्हा आहे, आणि क्वचित् कोठे लांडगाही आहे. हे सर्व राहतात कोठे? तुमच्या सात-बाऱ्यावर राहतात! रेषेच्या आत एकही नाही.

या संदर्भात त्या एका वाघाची गोष्ट सांगितल्यावाचून मला पुढे जाववत नाही. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून २०१९ च्या जूनमध्ये एक तरुण वाघ बाहेर पडला. त्याच्या गळ्यात संशोधकांनी संदेश देणारा पट्टा बांधलेला होता, म्हणून त्याचे पाऊल अन् पाऊल कळत होते. तो तेलंगणाचा कोपरा ओलांडून, हिंगोली-वाशीमकडून, ओढ्याओढ्यांनी, उभ्या कपाशीतून आणि तुरीतून, रस्ते चुकवीत चुकवीत डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला, तोपर्यंत त्याची चाल तेराशे किलोमीटरांवर गेली होती. पुढे २०२१ साली तो अजिंठ्याच्या रांगेत गौताळ्याला दिसला. वर्तमानपत्रांनी त्याचे कौतुक केले आणि ते रास्तच होते. पण त्या वाटेवरची बहुतेक जमीन कोणाची होती? ज्या शेतकऱ्यांच्या पिकात त्याने दिवसाचा आसरा घेतला, त्यांतील बहुतेकांस आपण वाघाचे यजमान झालो होतो हे आजतागायत ठाऊक नसेल. अभयारण्यांची बेटे सरकारने राखली. बेटांमधला समुद्र मात्र रयतेचा आहे.

१९७२ च्या कायद्यात एक कलम आहे, एकोणचाळिसावे. त्याचा आशय असा की, मृत सापडलेला वा शिकार झालेला वन्य प्राणी ही राज्य सरकारची मालमत्ता होय. कलम योग्यच आहे, नाहीतर कातड्याचा आणि शिंगांचा बाजार भरला असता. परंतु त्याचा व्यवहारातला अर्थ पाहा. जिवंत असेतोवर हरीण तुमच्या शेतात चरते, आणि मेले की सरकारजमा होते. मग त्याच्या हयातीतील खर्चाचा धनी कोण?

या प्रश्नापाशी आपण थोडे थांबू, कारण वन्यजीवप्रेमी मंडळी येथे थांबत नाहीत. पेरणी होऊन सोयाबीनला दोन पाने फुटली की हरणांचा कळप येतो आणि शेंडे खुडून जातो. दुबार पेरणीचे बियाणे पुन्हा उधारीवर आणावे लागते. रोही खातो त्याहून अधिक तुडवितो. रानडुकरे भुईमूग नांगरल्यासारखा उकरतात. मग रात्रीची जागल सुरू होते. घरातील जुन्या साड्या बांधावर ताणल्या जातात, कुत्र्याचे भुंकणे भरलेला भोंगा रात्रभर बोंबलत राहतो, आणि चार दिवसांत हरणांस त्याची अशी सवय होते की ती भोंग्याच्या शेजारीच चरू लागतात. ज्याला परवडते तो सौरऊर्जेवरचे झटका यंत्र बसवितो. ज्याला परवडत नाही अशांपैकी एखादा कुंपणात सरळ विजेच्या खांबावरचा प्रवाह सोडतो, आणि त्या तारेला कधी डुक्कर चिकटते, तर कधी पहाटे मोटार चालू करावयास निघालेला शेजारी.

सरकार नुकसानभरपाई देते. देत नाही असे कोणी म्हणू नये. अर्ज करावा, मोजक्या दिवसांच्या आत करावा, उतारा जोडावा, छायाचित्र जोडावे. मग वन, महसूल आणि कृषी या खात्यांची माणसे येऊन पंचनामा करतात. कागदावर यात वावगे काही नाही. पण हरभऱ्याचे शेंडे एका रात्रीत जातात आणि पंचनाम्याच्या दिवशी शेत पुन्हा हिरवे दिसू लागलेले असते. उत्पन्न बुडते ते दोन महिन्यांनी, तेव्हा त्याचा पंचनामा करावयास कोणी येत नाही. ज्याने शेत बटईने केले आहे त्याच्या नावावर उतारा नाही, म्हणून नुकसान त्याचे आणि भरपाई मालकाची. जी बाई नवऱ्याच्या मागे शेत कसते आणि जिचे नाव अद्याप दप्तरी लागलेले नाही, तिची तर नोंदच नाही. आणि जागलीच्या रात्रींची किंमत कोणत्या रकान्यात लिहावयाची? रोही वा रानडुक्कर पिकाची नासाडी करीत असेल तर परवान्याने त्यास मारण्याची मुभा २०१५ च्या शासननिर्णयाने दिली खरी. पण ज्याच्या घरी धड टॉर्च नाही त्याने बंदूक कोठून आणावी? काळवीट तर पहिल्या अनुसूचीत आहे, त्याचे नावही काढावयाचे नाही.

मी शिकारीची वकिली करावयास उभा नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की, ज्याच्या शिवारात हा जीव राहतो, त्याच्या नुकसानीचा हिशेब खरा लिहिला गेल्यावाचून आणि संरक्षणाच्या कारभारात त्याला हक्काची जागा मिळाल्यावाचून त्याच्याकडून सहभागाची अपेक्षा करणे म्हणजे त्याला वेठीस धरणे होय. आणि वेठ-बिगार काय चीज असते हे निजामी अमदानीतून बाहेर पडलेल्या मुलखाला शिकवावे लागत नाही.

लोकांना न विचारता संरक्षण केले म्हणजे काय होते, याचे उदाहरण फार दूरचे नाही. सोलापूरजवळ नान्नजच्या माळावर माळढोक पक्षी होता. दिमाखदार, माणसाच्या कमरेएवढा उंच, गवताळ माळाचा धनी. त्याच्यासाठी १९७९ साली सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांत अभयारण्य घोषित झाले, आणि त्याचे क्षेत्र किती होते म्हणता? ८,४९६ चौरस किलोमीटर! आपल्या सबंध जालना जिल्ह्याहून मोठे. त्यात शेते आली, वाड्यावस्त्या आल्या, बाजारपेठेची गावे आली. कलमाच्या एका फटकाऱ्याने लक्षावधी माणसे अभयारण्याचे रहिवासी झाली आणि त्यांच्यापैकी कोणाला विचारले गेले नव्हते. जमिनीची खरेदी-विक्री असो, बांधकाम असो, बिनशेतीचा परवाना असो, प्रत्येक ठिकाणी माळढोक आडवा येऊ लागला. अशा स्थितीत शेतकऱ्याने त्या पक्ष्यावर प्रेम कसे करावे? इकडे उजनीचे पाणी फिरत होते, ऊस वाढत होता, माळ नांगरले जात होते. पुढे सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन हे क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरांवर आणण्यात आले, पण तोपर्यंत तीस वर्षे गेली होती. आज नान्नजला एखादा माळढोक दिसला तर त्याची बातमी होते. पक्षी गेला यास ही एकच गोष्ट कारण झाली असे मी म्हणणार नाही; शिकार, ऊस, विजेच्या तारा, सर्वांचा त्यात वाटा आहे. परंतु तीस वर्षांत त्याच्या बाजूने उभे राहणारी जी गावे तयार होऊ शकली असती, ती त्याच्या विरुद्ध तयार झाली.

आणि गंमत अशी की, हा धडा आपल्याकडे तीनशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलेला आहे. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील, रामचंद्रपंत अमात्यांचे म्हणून प्रसिद्ध असलेले आज्ञापत्र आपल्या पाठ्यपुस्तकांत असते. त्यातील झाडांचा उतारा वृक्षारोपणाच्या प्रत्येक समारंभात उद्धृत होतो: आरमारासाठी लाकूड हवे, पण आंबा-फणस तोडू नये. वक्ते येथेच थांबतात. पुढचा भाग ते वाचीत नाहीत, आणि खरे राज्यशास्त्र पुढच्या भागात आहे. ही झाडे रयतेने लेकरांप्रमाणे वाढविलेली असतात, तेव्हा एखादे जीर्ण झाड घ्यावयाचेच झाले, तर धन्यास राजी करून आणि त्याला द्रव्य देऊन घ्यावे, बलात्कार करू नये, असा त्याचा आशय आहे. राजी करून, आणि द्रव्य देऊन. आरमारासारख्या निकडीच्या कामातही ज्या राज्याने या दोन अटी पाळावयास सांगितल्या, त्या राज्याचे नाव घेणाऱ्यांनी माळढोकाच्या वेळी त्या का विसराव्या?

आता चांगल्या उदाहरणांकडे वळतो. ती आहेत, पण त्यांची तपासणी डोळे उघडे ठेवून केली पाहिजे.

रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगड तालुक्यात वेळास नावाचे गाव आहे. त्याच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे अंडी घालावयास येतात. ही अंडी पूर्वी माणसे उकरून नेत, उरलेली कुत्री आणि कोल्हे खात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र या संस्थेने भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने या शतकाच्या आरंभी तेथे काम सुरू केले. अंडी कुंपणात सुरक्षित ठेवावयाची आणि पिल्ले निघाली की समुद्रात सोडावयाची. गावातलीच माणसे राखणदार झाली. मग कासव महोत्सव सुरू झाला, पाहुणे येऊ लागले, ते गावकऱ्यांच्या घरी उतरू लागले, आणि कासव जगविण्यात घरोघर चार पैसे दिसू लागले. काम नमुनेदार आहे, मी त्यास वंदन करतो. परंतु वेळासच्या कासवाने कोणाचा हरभरा खाल्ला नाही! ते रात्री येते, अंडी घालते आणि समुद्रात परत जाते. आपला रोही पाहावयास मुंबईहून कोणी वाटूर फाट्यावर उतरेल, अशी आशा धरून नियोजन करता येणार नाही. पर्यटन हे सर्व गावांचे औषध नव्हे.

दुसरे उदाहरण नागालँडचे. तेथे वोखा जिल्ह्यात दोयांग जलाशयापाशी अमूर ससाणे लक्षावधींच्या संख्येने उतरतात. सैबेरिया आणि उत्तर चीनकडून ते दक्षिण आफ्रिकेकडे जात असतात. २०१२ साली त्यांच्या कत्तलीची चित्रे जगभर गेली. जाळ्यांत धरून हजारोंनी मारले जात होते. आणि एका वर्षाने, २०१३ साली, ती कत्तल जवळजवळ थांबली. काय घडले? पोलिसांचा बंदोबस्त होता, संस्था होत्या, चर्चमधून उपदेश झाला. परंतु निर्णायक गोष्ट अशी की पांगतीसारख्या गावांच्या ग्रामपरिषदांनी स्वतः मनाई केली आणि स्वतः दंड ठरविला. हे त्यांना करता आले, कारण तेथे जमिनीवर आणि रानावर गावाचा अधिकार आहे. ज्याचा अधिकार त्याचीच मनाई चालते.

तिसरे उदाहरण आपल्या शेजारचे, आणि मला ते सर्वांत मोलाचे वाटते. फासेपारधी समाज आपणास ठाऊक आहे. तित्तर, लाव्हरी, ससा फाशात धरण्याचे कौशल्य हीच त्याची जिनगानी, आणि इंग्रजी अमदानीने त्याला जन्मतः गुन्हेगार ठरवून दप्तरी लावलेले. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, शिक्का मात्र माणसांच्या मनावरून निघाला नाही. अकोला-वाशीमकडे ‘संवेदना’ नावाच्या संस्थेने या फासेपारध्यांबरोबर तणमोराच्या राखणीचे काम केले. तणमोर हा माळढोकाचा धाकटा भाऊबंद, अत्यंत दुर्मीळ. पावसाळ्यात नर गवतावर उंच उड्या घेतो तेवढाच तो दृष्टीस पडतो. तो कोणत्या माळावर, कोणत्या नक्षत्रात, कोणत्या गवतात असतो, हे विद्यापीठातील विद्वानांस ठाऊक नव्हते. पारध्यास ठाऊक होते. पिढ्यान्‌पिढ्यांची ती विद्या संरक्षणाच्या कामी आली, आणि विणीच्या दिवसांत माळ चराईपासून राखण्याचे काम त्या समाजाने अंगावर घेतले. ज्याला आपण चोर म्हणत आलो, त्याला पहारेकरी म्हणून पगार आणि मान देण्याची बुद्धी सरकारी योजनांना अजून फारशी सुचलेली नाही. काही धनगरांचेही असेच सांगतात, की लांडग्याने नेलेले कोकरू ते त्याचा वाटा समजतात. हा भोळेपणा नाही. माळावर लांडगा असला म्हणजे हरणांवर आणि डुकरांवर वचक राहतो, हे त्यांना कोणी शिकविलेले नव्हते. आपण मेलेल्या जनावरात विष घालून लांडगे मारले, आणि आज हरणे फार झाली म्हणून अर्ज करतो आहोत.

येथून मी गायरानाकडे येतो. विषय नाजूक आहे, आणि सभेत त्यावर एकमत होणार नाही हे मी जाणून आहे. हरीण मूळचे गवताळ माळाचे. माळ आणि कुरणे नांगरली गेली म्हणून ते शेतात आले. गावाजवळ सार्वजनिक गवत म्हणून जे काही उरले आहे ते गायरान. तेव्हा गायराने राखा, म्हणजे हरणे तेथे राहतील, असा सल्ला शहरातून सोपेपणाने दिला जातो. परंतु मराठवाड्यात गायरान कसणारे कोण आहेत? पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या नावावर वीतभर जमीन नव्हती असे दलित आणि भूमिहीन. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली ज्यांच्यासाठी सत्याग्रह केले, तीच ही माणसे. त्यांना उठवून तेथे हरणे बसविणे हे माझ्या मते संरक्षण नव्हे. दुसरीकडे सौर कृषी वाहिनीसाठी गायराने दिली जात आहेत, आणि त्यावरही माझ्याने एका शब्दात निकाल देववत नाही. कुरण जाते हे खरे, पण दिवसा वीज मिळाली तर शेतकऱ्याला मध्यरात्री काळोखात पाणी द्यावयास जावे लागत नाही, आणि जो रात्री रानात जात नाही त्याची डुकराशी गाठही पडत नाही. असे गुंते गावानेच बसून सोडवावे लागतात.

त्यासाठी कायद्यात जागा नाही असे मात्र नाही. २००२ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि दोन नव्या तरतुदी आल्या. पहिली संवर्धन राखीव क्षेत्राची. हे सरकारी जमिनीवर होते आणि त्याच्या समितीत ग्रामपंचायतींचे प्रतिनिधी असतात. येवला तालुक्यात ममदापूरला काळविटांसाठी असे क्षेत्र आहे. तोही आपल्यासारखाच अवर्षणाचा मुलूख. दुसरी तरतूद समुदाय राखीव क्षेत्राची. हे गावाच्या किंवा खाजगी जमिनीवर, आणि केवळ त्यांनी आपण होऊन देऊ केले तरच होते, आणि त्याचा कारभार पाहणाऱ्या समितीत ग्रामपंचायतीचे प्रतिनिधी बसतात. महाराष्ट्रात वाघांची चर्चा होते तिच्या शतांशानेही या तरतुदीची होत नाही. राज्य वन्यजीव मंडळाचे अध्यक्ष खुद्द मुख्यमंत्री असतात. त्या मंडळापुढे परतूर तालुक्यातील गवताचा प्रस्ताव एकदा तरी गेला असेल काय?

मोठ्या प्रस्तावांना वर्षे लागतात. त्याच्या आत होण्याजोगे एक काम आहे, त्याविषयी जरा तपशिलाने सांगतो. आपल्या शिवारातील जुन्या विहिरींना कठडा नाही. रात्री पाण्याच्या शोधात आलेले हरीण, कोल्हा, रानमांजर त्यांत पडते आणि त्याला वर येता येत नाही. कधी माणसाचे लेकरूही पडते, हे मी सांगावयास नको. त्यात आता शेततळ्यांची भर पडली. शेततळी वाईट नव्हेत. आपल्याच जिल्ह्यातील कडवंचीने त्यांच्या बळावर द्राक्षबागा उभ्या केल्या. पण तळाशी आणि उतारावर अंथरलेला तो गुळगुळीत प्लॅस्टिकचा कागद असा असतो, की एकदा त्यावरून घसरलेला प्राणी, आणि पोहता न येणारा माणूससुद्धा, काठ दिसत असताना बुडतो. भोवती जाळी घालावी. जाळी परवडत नसेल तर निदान दोन बाजूंनी गाठी मारलेले जाड दोर, किंवा जुन्या टायरांची शिडी आत सोडावी. खर्च थोडा आहे. यासाठी कोणा अधिकाऱ्याच्या परवानगीची गरज नाही. तसेच औषध चोळलेल्या बियाण्याचे. जालना ही बियाण्यांची राजधानी, म्हणून हे येथे बोलले पाहिजे: पेरताना बांधावर सांडलेले रंगीत दाणे मोर टिपतात आणि मरतात. सांडलेले मातीखाली ढकलावे, उरलेले पुरून टाकावे.

जालनेकरांना लोकवर्गणीचे काम नवे नाही. निजामाच्या काळापासून शहराला पाणी देणाऱ्या घाणेवाडीच्या तलावातील गाळ नागरिकांनी पुढे होऊन काढला, शेतकऱ्यांनी तो शेतात नेला, आणि हिवाळ्यात त्याच पाण्यावर बाहेरदेशीची बदके उतरतात. ती बदके हा त्या कामाचा हेतू नव्हता. तरी ती आली.

शेवटचा मुद्दा एका वहीचा. २००२ च्याच जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावयास हवी आणि तिने लोकजैवविविधता नोंदवही तयार केलेली असावयास हवी. गावातील झाडे, गवते, पिकांची वाणे, पक्षी, जनावरे, पाणवठे आणि त्यांविषयी गावाला जे ठाऊक आहे ते, असे सारे त्यात लिहावयाचे. राष्ट्रीय हरित लवादाने मुदत घालून दिली तेव्हा २०२० च्या सुमारास राज्यभर या वह्या घाईघाईने तयार झाल्या. तुमच्या ग्रामपंचायतीच्या कपाटात ती असेल. येथे बसलेल्यांपैकी किती जणांनी ती पाहिली आहे? ती लिहिताना मेंढरे वळणाऱ्या म्हाताऱ्याला कोणी विचारले? तुमच्या तांड्यावरच्या, पारध्यांच्या पालावरच्या बाईला विचारले? मला वाटते, पुढच्या ग्रामसभेत ती वही बाहेर काढून मोठ्याने वाचावी. तीत हरणांची नोंद असेल तर ती कोणत्या महिन्यात, कोणत्या शिवारात, किती येतात हे गावाने भरावे. आणि समोरच्या पानावर कोणाचे कोणते पीक किती गेले हे, बटईदाराच्या आणि कसणाऱ्या बाईच्या नावासह, वर्षभर लिहीत जावे. एका गावाची अशी एक वही भरपाईच्या पंचनाम्याला आणि समुदाय राखीव क्षेत्राच्या प्रस्तावाला सारखीच उपयोगी पडेल, कारण खात्याच्या दप्तरात या दोहोंची गाठ कोठेही पडत नाही.

अध्यक्षमहाराजांनी मघाशीच घड्याळाकडे पाहिले आहे. मागच्या रांगेतील काही मंडळी मी गायरानाविषयी बोलत असताना उठून उभी राहिली होती, त्यांनी आता पुढे यावे आणि प्रथम त्यांनीच बोलावे, अशी माझी विनंती आहे.